चेहऱ्याचे व्यायाम करून तरुण दिसता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेहऱ्याचा लकवा होऊन गेलेल्यांना व्यायाम शिकवणं हे फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं रोजचं काम आहे. पेशंटबरोबर आलेली बहीण किंवा सून निघता निघता हळूच विचारते, "हेच व्यायाम आम्ही केले तर गाल वर येतील का हो?" त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपला चेहरा टवटवीत दिसावा असं कुणालाही वाटतं. नेहमी कानावर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

गाल खरंच वर येतात का?

थोडे येतात. नेमाने केलं, पुरेसा वेळ दिला आणि नेमका स्नायू धरला, तर गाल भरल्यासारखे दिसू लागतात. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेघा आणि मानेची सैल पडलेली कातडी यांच्यासाठी मात्र या व्यायामांवर विसंबू नका. दहा दिवसांत दहा वर्षांनी तरुण करून दाखवणारे व्हिडिओ तर सरळ पुढे ढकला.

याला काही आधार आहे, की सगळं सांगोवांगी?

आधार आहे, पण तोकडा आहे. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात डॉ. मुराद आलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१८ साली 'जामा डर्मेटॉलॉजी' या नियतकालिकात छापून आला. ४० ते ६५ वयाच्या २७ बायका त्यात सहभागी झाल्या होत्या. त्यांना ३२ व्यायाम शिकवले. पहिले ८ आठवडे रोज अर्धा तास आणि त्यापुढे २० व्या आठवड्यापर्यंत एक दिवसाआड अर्धा तास, असा नेम होता. आधीचे आणि नंतरचे फोटो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले, कोणता फोटो कधीचा हे न सांगता. त्यांनी या बायकांच्या वयाचा जो अंदाज केला तो सुरुवातीला सरासरी ५०.८ वर्षं होता, २० आठवड्यांनी ४८.१ वर आला.

ऐकायला छान वाटतं. आता दुसरी बाजू बघा. २७ पैकी शेवटपर्यंत टिकल्या फक्त १६. चेहऱ्याच्या २० खुणा तपासल्या होत्या, त्यांपैकी ठळक फरक दिसला तो दोनच ठिकाणी: गालाच्या वरच्या भागात आणि खालच्या भागात. व्यायाम न करणाऱ्या बायकांचा गट तुलनेला नव्हता. शिवाय ज्यांची ही व्यायामपद्धत, ते गॅरी सिकोर्स्की स्वतःच शोधनिबंधाचे एक लेखक आहेत. त्याआधी २०१४ साली तोवरच्या सगळ्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला होता, त्याचा निष्कर्षही 'पुरावा पुरेसा नाही' असाच होता.

एवढं असूनही मी हे व्यायाम सांगते, कारण यात पैसा लागत नाही, नीट केले तर अपाय होत नाही आणि गालांपुरता परिणाम शरीरशास्त्राला धरून आहे.

गालांवरच परिणाम का होतो?

वय वाढतं तसा चेहरा अनेक थरांवर बदलतो. कातडीला घट्टपणा देणारं कोलॅजन नावाचं प्रथिन कमी होतं. गालाखाली चरबीच्या छोट्या गाद्या असतात, त्या आक्रसतात आणि खाली सरकतात. हाडंसुद्धा झिजतात: डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात, वरचा जबडा मागे सरतो. म्हणजे कातडी ढिली पडते आणि तिला आतून धरणारा भरावही कमी होतो. आपण म्हणतो ना, 'गालफडं बसली', ते यामुळे.

यातली चरबी किंवा हाड व्यायामाने परत येत नाही. स्नायू मात्र कामाला लावला की जाड होतो, मग तो दंडाचा असो की गालाचा. गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे उतरणारे, हसताना ओठ वर खेचणारे स्नायू आहेत. ते थोडे जाड झाले की वरची कातडी ताणून बसते. उशीत कापूस भरला की अभ्र्याच्या चुण्या कमी होतात, तसंच. कपाळावरचा स्नायू मुळात पातळ पापुद्र्यासारखा असतो. तो वाढवून भराव मिळत नाही, उलट आठ्या पडतात.

मग व्यायामाने सुरकुत्या वाढतील त्याचं काय?

हा सगळ्यात शहाणा प्रश्न आहे आणि व्हिडिओवाले नेमका हाच टाळतात.

हातापायांचे स्नायू हाडापासून हाडापर्यंत जातात. चेहऱ्यावरचे हावभावांचे स्नायू वेगळे आहेत. त्यांचं एक टोक बहुधा हाडाला आणि दुसरं थेट कातडीला चिकटलेलं असतं. म्हणून स्नायू आखडला की कातडीला घडी पडते आणि त्यातून हसू, राग, आश्चर्य उमटतं. तीच घडी वर्षानुवर्षं त्याच जागी पडत राहिली की चेहरा शांत असतानाही रेघ दिसू लागते. बोटॉक्सचं इंजेक्शन नेमकं याच्या उलट काम करतं. ते स्नायूला काही महिने ढिला पाडतं आणि रेघ मिटते. भुवयांमधल्या रेघांसाठी त्याला अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली.

आता विचार करा. ढिला सोडल्यावर ज्या स्नायूवरची रेघ मिटते, तोच स्नायू रोज आवळून रेघ कशी जाईल? म्हणून कपाळ वर चढवणं, भुवया आवळणं, डोळे घट्ट मिटणं, ओठांचा चंबू करून जोर लावणं हे प्रकार मी सुरकुत्यांसाठी कुणालाच सांगत नाही. लकव्याच्या पेशंटची गोष्ट वेगळी. त्यांना हालचाल परत मिळवायची असते, तिथे सुरकुतीचा विचार करायचा नसतो.

थोडक्यात, गालांना काम द्यायचं आणि कपाळाला विश्रांती. कपाळाला विश्रांती देणं हासुद्धा सरावच आहे. मोबाइल वाचताना, गाडी चालवताना, पोळ्या लाटताना भुवया आवळलेल्या असतात आणि आपल्याला पत्ता नसतो. चष्म्याचा नंबर वाढला असेल तर तो आधी तपासून घ्या. बारीक डोळे करून बघायची सवय लागली की भुवयांमध्ये दोन उभ्या रेघा लवकर रुततात.

घरी करण्यासारखे व्यायाम नेमके कोणते?

३२ व्यायामांची गरज नाही. मी तीन सांगते, पण ते आरशासमोर, उजेडात, सावकाश करायचे. हात स्वच्छ धुवा. चेहऱ्यावर तेल-क्रीम नको, बोटं घसरतात.

पहिला, गाल उचलणं. तोंड 'ओ' म्हटल्यासारखं उघडा. वरचा ओठ दातांवर ओढून घ्या, म्हणजे वरचे दात झाकले जातील. आता ओठ तसेच ठेवून फक्त गालांनी हसा. गाल डोळ्यांच्या दिशेने वर सरकायला हवेत. दोन्ही तर्जन्या गालाच्या उंचवट्यावर अलगद ठेवा. स्नायू वर आला की बोटाखाली सुपारीएवढा टणक गोळा लागतो, सोडला की मऊ होतो. तो गोळा सापडला की अर्धं काम झालं. तो सापडेपर्यंत पुढचे व्यायाम करायची घाई करू नका. वर नेणं आणि खाली सोडणं मिळून एक. अशा १० ते १५ आवृत्त्या करा. या वेळी डोळ्यांच्या कडेला घड्या पडताना दिसल्या तर मधलं बोट डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर ठेवून कातडी हलकेच स्थिर धरा. कातडी ओढायची नाही, फक्त धरायची.

दुसरा, मिटल्या ओठांचं हसू. दात न दाखवता ओठ मिटून हसा, जमेल तितकं वर. बोटं ओठांच्या कोपऱ्यांपासून गालांवरून वर न्या आणि तिथेच २० सेकंद थांबा. श्वास रोखू नका. १५ सेकंदांनंतर गाल थरथरायला लागतात, ते चालतं. थरथर म्हणजे स्नायूला मेहनत पडते आहे.

तिसरा तुम्हाला लहानपणापासून येतो: चूळ. तोंडात हवा भरून गाल फुगवा आणि ती हवा डाव्या गालातून उजव्या गालात, तिथून वरच्या ओठाखाली, मग खालच्या ओठाखाली फिरवा. ओठातून हवा निसटता कामा नये. याने गालाच्या आतला, जेवताना घास दाताखाली सरकवणारा स्नायू कामाला लागतो. वाटल्यास खरंच पाणी घेऊन करा, दात घासल्यावर.

करताना कपाळ हलतंय का, हे आरशात सतत बघत राहा. हललं तर थांबा, कपाळ सैल सोडा, पुन्हा सुरू करा.

रोज किती वेळ? फरक कधी दिसेल?

वर सांगितलेल्या अभ्यासात रोज अर्धा तास होता आणि आठ आठवड्यांनी दिसलेला फरक अगदी थोडा होता. अंदाजे वय ५०.८ वरून ४९.६. खरा फरक पाच महिन्यांनी. तुम्ही रोज पाच मिनिटं देणार असाल तर अपेक्षाही तेवढीच ठेवा. अर्धा तास सलग जमत नसेल तर सकाळी पंधरा आणि रात्री पंधरा मिनिटं असे दोन भाग करा. आधीच एक फोटो काढून ठेवा: सकाळी, खिडकीसमोर, मेकअप न करता, चेहरा शांत ठेवून. महिन्याने तीच जागा, तीच वेळ. रोज आरशात बघून फरक कळत नाही आणि मनाचे खेळही सुरू होतात.

दुहेरी हनुवटी जाईल का?

नाही. हनुवटीखालची चरबी तिथला व्यायाम करून तिथलीच वितळत नाही. ती अंगातलं एकूण वजन उतरलं तर कमी होते, काहींची अंगकाठीच तशी असते. मान पुढे काढून बसायची सवय असेल तर हनुवटी आहे त्यापेक्षा जाड दिसते, तेवढा भाग नीट बसण्याने सुधारतो.

जबड्याला धार यावी म्हणून चावायचे रबरी गोळे मिळतात. मुलगा मागतोय, घेऊ का?

घेऊ नका. हल्ली पंधरा-सोळा वर्षांची मुलं घट्ट च्युइंगम तासन्‌तास चावतात, रबरी गोळे दाढेखाली धरतात. याने चावण्याचा स्नायू वाढतो हे खरं. पण तो असतो कानाखाली, जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर. तो वाढला की चेहरा खालून रुंद आणि चौकोनी होतो, आणि पुष्कळांना ते नको असतं. रात्री झोपेत दात खाणाऱ्यांचा जबडा असाच जाड झालेला दिसतो. गोळ्याचा सगळा दाब पुढच्या दातांवर किंवा एखाद्या भरलेल्या दाढेवर येतो आणि कानापुढचा जबड्याचा सांधा दुखायला लागतो. एकदा तो सांधा 'कट कट' वाजायला लागला की निस्तरायला फार दिवस लागतात. वाढत्या वयाच्या मुलांसाठी मला हे काळजीचं वाटतं, त्यांना प्रेमाने समजावून सांगा.

योगात सिंहासन आहे. ते चेहऱ्यासाठीच ना?

सिंहासनात तोंड मोठं उघडून जीभ बाहेर काढतात, त्यामुळे चेहरा, जीभ आणि गळ्याचे स्नायू ताणले जातात, करून झाल्यावर चेहरा हलका वाटतो. पण हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात त्याचं कारण वेगळं दिलं आहे: हे आसन तीन बंध, म्हणजे शरीराचे ठरावीक भाग आवळून धरण्याच्या क्रिया, साधायला मदत करतं असं तिथे म्हटलं आहे. तारुण्य, नितळ कांती असा दावा त्या श्लोकात नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं, तेव्हापासून आपल्याकडे योग प्रयोगशाळेत तपासायची परंपरा आहे. 'फेस योगा' नावाने जे काही विकलं जातं त्यालाही तीच कसोटी लावावी. सिंहासन जरूर करा, ते चांगलं आसन आहे. गाल भरण्यासाठी वरचे तीन व्यायाम वेगळे करा.

मालिश, जेड रोलर (चेहऱ्यावर फिरवायचं दगडी लाटणं), ग्वा शा (चेहऱ्यावर घासायची दगडी पट्टी) यांचं काय?

सकाळी चेहऱ्यावर आलेली सूज हलक्या हाताने मालिश केली की उतरते, चेहरा तासाभरासाठी ताजा दिसतो. स्नायू त्याने वाढत नाही. जोरजोरात रगडलं तर सावळ्या त्वचेवर काळे डाग राहू शकतात आणि ते सुरकुत्यांपेक्षा हट्टी असतात.

कुणी हे व्यायाम करू नयेत?

जबड्याचा सांधा दुखत असेल, तोंड उघडताना अडकत असेल, तर आधी दंतवैद्याला दाखवा.

आपल्याकडे एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. तोंड पूर्ण उघडा आणि आपली मधली तीन बोटं उभी करून दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील, आणि सुपारी, मावा किंवा गुटखा खाण्याची सवय असेल, तिखट खाल्लं की तोंडाची आग होत असेल, तर तोंडाच्या आतलं आवरण आवळत चाललेलं असू शकतं. त्यातून पुढे कर्करोगाचा धोका असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे, तरी असे पेशंट रोज दिसतात, त्यात तरुण मुलं पुष्कळ. तुमचं तोंड तीन बोटं उघडत नसेल तर चेहऱ्याचे व्यायाम राहू द्या, सुपारी आजच बंद करा आणि या आठवड्यात दंतवैद्याकडे जा.

चेहऱ्याची एक बाजू अचानक ओघळली असेल तर ती व्यायामाने उचलायची गोष्ट नाही. सोबत हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा. फक्त चेहराच वाकडा झाला असेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेला सूज येऊन होणारा लकवा, असेल तर त्यावरचं स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर उपयोग जास्त. 'वारं लागलंय, शेकून बघू' म्हणत लोक आठवडा घालवतात, मला त्याचं फार वाईट वाटतं. आणि लकव्यानंतर यूट्यूब बघून जोरात गाल फुगवणं, जोरात हसणं करू नका. नसांच्या चुकीच्या जोडण्या तयार होऊन हसताना डोळा मिटायला लागतो. तिथे बारीक, सावकाश हालचाली शिकवाव्या लागतात, त्या समोर बसूनच शिका.

बोटॉक्स किंवा फिलर (चेहऱ्याला भराव देणारं इंजेक्शन) घेतलं आहे. चालेल?

ज्यांनी इंजेक्शन दिलं त्यांना विचारूनच सुरू करा. ताज्या इंजेक्शनच्या जागी दाबादाबी नको.

वजन उतरवलं आणि गालच बसले. आता?

झपाट्याने वजन उतरलं की गालांची चरबीही जाते. इथे गालांचे व्यायाम करून बघण्यासारखे आहेत, जोडीला जेवणात पुरेशी प्रथिनं हवीत, नाहीतर स्नायू वाढणार कशावर? डाळ, उसळ, दही, अंडी, मासे, जे घरात चालतं ते रोज घ्या. आणि दाढा काढून जागा तशीच रिकामी ठेवली असेल तर ती भरून घ्या. दात गेल्यावर तिथलं हाड झिजत जातं आणि गाल आत जातो. अशा वेळी व्यवस्थित बसणारी कवळी किंवा रोपण केलेला दात जे करेल ते कुठलाही व्यायाम करणार नाही.

पाळी गेली आणि चेहरा एकदम उतरला, असं का?

पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होतं. त्यामुळे तुम्हाला वाटतंय ते खरं आहे, मनाचे भास नाहीत. गालांचे व्यायाम करा, पण याच वयात त्वचारोगतज्ज्ञांकडे एकदा जाऊन या. रेटिनॉइडसारखी क्रीमं सुरकुत्यांवर खरोखर काम करतात, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने लावायची असतात. मैत्रिणीने सांगितलेलं 'गोरं करणारं' क्रीम मेडिकलमधून आणू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर त्वचा पातळ पडते आणि मग कशानेच भरत नाही.

व्यायामाइतकंच महत्त्वाचं आणखी काय आहे?

ऊन. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण अर्धा तास आरशासमोर घालवून उघड्या तोंडाने दुपारच्या उन्हात जाणारी माणसं मी रोज बघते.

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१२ साली एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला. २८ वर्षं गाडी चालवलेली, अमेरिकेत, म्हणजे खिडकी डाव्या हाताला. त्याची चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी, जाड आणि सुरकुतलेली. दोन्ही बाजूंचे स्नायू तेच, हसणं तेच, वयही तेच; फरक फक्त उन्हाचा. काचेतून अतिनील किरणांचा 'ए' प्रकार आत येतो आणि खोलवर जाऊन कोलॅजन तोडतो. आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो, तेव्हा उजवा गाल सांभाळा.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावात ५५ च्या आतल्या ९०३ लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वाढलं. चेहऱ्याच्या व्यायामाच्या कुठल्याही अभ्यासापेक्षा हा पुरावा भक्कम आहे.

पुण्यात स्कूटीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळून जाणाऱ्या मुली योग्यच करतात. स्कार्फमधून डोळे आणि कपाळाचा खालचा भाग मात्र उघडा राहतो आणि रेघा तिथेच आधी येतात. तिथे सनस्क्रीन आणि गॉगल हवा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं सनस्क्रीन घ्या. बाहेर असाल तर दोन तासांनी पुन्हा. बाटलीवर एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचं माप) ३० किंवा जास्त आणि सोबत पीए+++ ('ए' किरणांपासून संरक्षणाची खूण) असं लिहिलेलं बघून घ्या. शेतात, बाजारात दिवसभर उन्हात काम करणाऱ्यांना महागडी बाटली परवडत नाही. त्यांच्यासाठी रुंद काठाची टोपी किंवा कपाळावर पुढे ओढलेला पदर हाच उत्तम उपाय.

तंबाखू, बिडी, सिगारेट यांनीही त्वचा लवकर म्हातारी होते.

दिसण्यापलीकडे काही फायदा आहे का?

जीभ, टाळू आणि घशाच्या व्यायामांचा आहे. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यांवर अशा व्यायामांचा उपयोग होतो. २०१५ साली 'स्लीप' या नियतकालिकात आलेल्या एकत्रित विश्लेषणात मोठ्या माणसांमध्ये श्वास अडकण्याचं प्रमाण या व्यायामांनी साधारण निम्म्यावर आलेलं दिसलं. ते व्यायाम मात्र वरच्या तीनपेक्षा वेगळे आहेत आणि झोपेची तपासणी करून मगच सुरू करायचे.

मध्येच व्यायाम सोडले तर चेहरा आधीपेक्षा जास्त ओघळेल का?

नाही. कामावाचून स्नायू हळूहळू पूर्वीच्या जाडीवर येतो, त्याखाली जात नाही. लग्नघर, परीक्षा, आजारपण यात महिनाभर खंड पडला तर हरकत नाही. पुन्हा सुरू करताना पहिला व्यायाम पाच आवृत्त्यांनी सुरू करा, बोटाखाली गोळा लागतोय का बघा, आणि दर आठवड्याला थोड्या आवृत्त्या वाढवा.